विवाहशास्त्राचा डिप्लोमा आणि मी

शनिवार, २ ऑगस्ट
अ‍ॅडमिशन झालं! विवाह, कुटुंबजीवन आणि जैवनीती, पदव्युत्तर डिप्लोमा. दर शनिवारी नगरला क्लास, बाकी ऑनलाइन. बेलापूरच्या आमच्या अख्ख्या चर्चमध्ये एवढं शिकलेला प्रापंचिक माणूस मी एकटाच असणार. पुढच्या वर्षीपासून लग्न ठरलेल्या जोडप्यांचं शिबीर मीच घेणार. सध्या जे गायकवाड सर घेतात, त्यांना संसारातलं ओ की ठो कळत नाही.
प्रणिताला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आनंद व्यक्त करण्याची तिची ही पद्धत.

सोमवार, ४ ऑगस्ट. रात्री ८
प्रॅक्टिकल सुरू. ‘श्रवणाचा सराव’. रोज वीस मिनिटं जोडीदाराचं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. मग रजिस्टरमध्ये नोंद, खाली जोडीदाराची सही.
आज प्रणिताला श्रवणाचं महत्त्व समजावून सांगितलं. बावीस मिनिटं लागली. तिनं सही केली.

शनिवार, ९ ऑगस्ट
पहाटे पुणतांब्याहून मेहुण्याचा, बिभीषणचा फोन. सासूबाईंना, म्हणजे भागूबाईंना, अर्धांगाचा झटका. प्रणिता रडतच निघाली. म्हणाली, तुम्ही चला ना. पण आज नेमका ‘आजारपण आणि कुटुंबाची साथ’ हा तास होता! हा चुकवून कसं चालेल? तिला स्टँडवर सोडलं आणि नगरची गाडी पकडली.
तास फार हृदयस्पर्शी झाला. माझे डोळे पाणावले.

गुरुवार, १४ ऑगस्ट
सासूबाई दवाखान्यात. गिळता येत नाही, नाकातून नळी. प्रणितानं फोन करून विचारलं, डॉक्टर म्हणतात पोटात नळी बसवायची, काय करू? आवाज रडवेला होता. म्हटलं, घाबरू नकोस, हा माझाच विषय. करायलाच हवेत असे सामान्य उपचार कोणते, नाकारले तरी चालतील असे असामान्य कोणते, सगळं लेखी देतो.

रविवार, १७ ऑगस्ट
चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर लिहायला बसलो. अकरा पानी टिपण तयार, तळटिपांसह. सासरच्या ग्रुपवर टाकलं. बिभीषणनं अंगठा दाखवला. मागून कळलं, नळीचं त्यांनी शुक्रवारीच ठरवलं होतं. मला विचारून मग घाई कशाला केली, देव जाणे. तरी टिपण वाया जाणार नाही, असाइनमेंट म्हणून देता येईल.

रविवार, २४ ऑगस्ट
दवाखान्यात जाऊन आलो. प्रणिता पार वाळलीय. दोन तास आईजवळ बसा, मी आंघोळ करून जरा पडते, म्हणाली. बसलो. आणखी पाच-सहा नातेवाईक होते, त्यांना मानवी जीवनाच्या प्रतिष्ठेवर थोडं बोललो. नर्सनं बाहेर काढलं. सगळ्यांना नव्हे, मला.
सहा वाजता ऑनलाइन तास असल्यामुळे लगेच निघावं लागलं. निघताना एक काम मात्र उरकलं. सराव खंडित होऊ नये म्हणून सप्टेंबर अखेरपर्यंतच्या सगळ्या सह्या प्रणिताकडून आगाऊ घेतल्या. भराभर केल्या. समजूतदार बाई आहे.
बिभीषण जिन्यापर्यंत आला. म्हणाला, दाजी, तुमी लई शिकले, पण आक्काला आठ दिस झोप न्हाई. म्हटलं, मी तिच्यासाठी प्रार्थना करतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
सासूबाई पुणतांब्याला घरी आल्या. प्रणिता नाही आली. हरेगावच्या चर्चची यात्रा झाली की येईल, असं मी ठरवलंय.
मी शिकवतो त्या शाळेत आज शिक्षक दिन. घरी येऊन कुलूप काढलं. पोहे करपले. दुसऱ्यांदा केले, तेही करपले.

मंगळवार, १६ सप्टेंबर
यात्रा झाली. नाही आली.
घर खायला उठतं. रेडिओ लावून ठेवतो. रजिस्टरमध्ये रोज लिहितो: ‘वीस मिनिटं ऐकलं.’ खोटं नाही, रेडिओ ऐकतोच.

रविवार, २१ सप्टेंबर
काल पहिल्या सत्राची लेखी झाली. येत्या शनिवारी तोंडी परीक्षा. जोडीदार हजर पाहिजे म्हणे! प्रणिताला फोन केला. सांगितलं, तुझ्याशिवाय मी नापास होईन. ती म्हणाली, एवढंच ना? येते.
एवढंच नाही, असं म्हणायचं होतं. परीक्षा राहू दे, तशीच ये, मला करमत नाही, असं म्हणायचं होतं. तेवढ्यात तिनं फोन ठेवला. परत लावला नाही. तिला वाटेल, परीक्षेसाठी गोड बोलतोय.

शनिवार, २७ सप्टेंबर
आली होती. निळी साडी. केस बरेच पिकलेत. कधी पिकले?
कोर्सच्या फादर डायरेक्टरांनी तिला विचारलं, आई कशा आहेत? मी लगेच सांगितलं, पोटातली नळी व्यवस्थित आहे, आणि नैतिकदृष्ट्या तो सामान्य उपचारच ठरतो. प्रणिता म्हणाली, नळी काढून नऊ दिवस झाले, आई तोंडानं पेज घेते. मग फादरांनी रजिस्टर उघडलं. आजच्या तारखेलाही सही होती, येत्या सोमवारच्याही होती, मंगळवारच्याही. त्यांनी तिला विचारलं, या सह्या तुमच्याच? तिनं सांगितलं, हो फादर, आईच्या उशाशी बसून केल्या, एका दमात.
मग फादर म्हणाले, सुहास, आता वीस मिनिटं बाईंचं ऐका. ती बोलायला लागली. आईला कुशीवर कसं वळवायचं, रात्री दर दोन तासांनी उठायचं, एकदा आई पडली तेव्हा ती एकटीच होती. मी चौथ्या मिनिटाला मध्येच खुलासा केला. फादरांनी घड्याळ बंद केलं.
लेखी ७८ टक्के, वर्गात पहिला. प्रॅक्टिकल नापास.
स्टँडपर्यंत सोडायला गेलो. पिशवी मी घेतली होती. पुणतांब्याची गाडी लागली तेव्हा विचारलं, घरी कधी येतेस? म्हणाली, बघू.
फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. फादरांनी तारीख दिली. प्रणितानं नाही दिली.