नानाची बोट अजून बंदराबाहेर आहे

पिंप्राळा, जळगाव
ता. ११ फेब्रुवारी १९९६

ती. अभिमनभाऊंना चुडामणचा नमस्कार.

वर 'श्री' लिहिलेला नाही. पितांबरनानाला जाऊन महिनाच झाला आहे. मंजुळावहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे तुमच्या बहिणीची, कुंदावहिनींची, तब्येत बरी आहे. नानाच्या गंधमुक्तीला चार दिवस राहून गेलात, तेव्हा एवढ्यात पुन्हा धुळ्याहून येण्याची तसदी घेऊ नये.

आज रविवार, मुलांना सुट्टी, म्हणून घरातल्या माझ्या क्लासचा कॉम्प्युटर लावला. पाणबुडीचा खेळ समोर आला. खेळ महायुद्धातला आणि नाना नौदलात अठरा वर्षे पाणबुडीवर, हे माहीत असून मी त्याला तो दाखवला होता (करमणूक म्हणून!). 'ही बोट पाण्याखाली राहत नाही रे, वरूनच डिझेलवर चालते, वेळ आली तरच बुडी मारते,' म्हणून त्याने सगळा प्रवास वरून करायला लावला. खेळात बॅटरी पाच मिनिटांत भरते. नाना म्हणे, ही लबाडी आहे. मग भिंतीवरच्या घड्याळाने सहा तास आम्ही भर समुद्रात नुसते उभे. एक कळ दाबली की अख्खा दिवस मिनिटात सरतो. त्या कळेवर त्याने चिकटपट्टी लावली. छताला केळीचा घड टांगला (बोटीत जागा नसते, जेवण डोक्यावर लोंबतं), पंखा बंद केला आणि शनिवार-रविवारची आंघोळही, कारण बोटीत गोडं पाणी पिण्यापुरतंच. वहिनी आमची ताटं दाराबाहेर ठेवू लागल्या त्या तेव्हापासून.

भाऊबीजेला तुम्हाला इंजिनावर बसवलं, आणि बुडी मारलेली असताना तुम्ही बोट पूर्ण वेगाने पळवून बॅटरी संपवलीत. वर म्हणालात, 'समुद्र बठ्ठा रिकामा शे ना!' नाना ओरडला, 'बॅटरी काय तुना बापनी शे?' (म्हणजे त्याच्याच सासऱ्यांची.) मग स्वतःच हसत सुटला. इतका हसलेला तो मी नंतर पाहिला नाही.

असो. पत्राला विशेष कारण नाही.

आपला,
चुडामण

ता. क. : कारण आहे. खेळातली नानाची बोट अजून बंदरापासून अकरा तासांवर आहे आणि हा कॉम्प्युटर वीस तारखेला जामनेरच्या क्लासला जाणार आहे. चिकटपट्टी काढली तर मिनिटाचं काम. दोनदा नख लावलं आणि सोडून दिलं. एकट्याने अकरा तास बसवत नाही. पुढच्या रविवारी याल का?

आणखी एक : पत्र वहिनींनी वाचलं. त्याही बसणार आहेत. केळीचा नवा घड त्यांनीच टांगला. आणि तुम्हाला निरोप आहे, शनिवारपासून आंघोळ करायची नाही.