उपाशी नेलेला कुत्रा

आई, आपल्या घरात आता एक म्हातारा कुत्रा आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तो आला. या हिवाळ्यात तो भाकर तोंडात धरून पुन्हा खाली ठेवू लागला. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं. दाढांवर पिवळं किटण, हिरड्या सुजलेल्या. पूर्ण भूल देऊन दात साफ करावे लागतील, म्हणाले. या वयात भुलीतून उठेल का, एवढंच मी विचारलं. त्यांनी रक्त तपासलं, छाती तपासली. "उठेल बहुतेक. पण रात्रीपासून पोट रिकामं पाहिजे. बिलकुल रिकामं."

मी लहान आहे, हसनाबादच्या चुलीपुढे तू पहिली भाकर तेव्हाच्या कुत्र्यासाठी बाजूला काढतेस. मी शाळेतून येतो आणि तीच उचलतो. "ठेव खाली. तुला मागता येतं, त्याला येत न्हाई." तू ओरडत नाहीस, पुढची भाकर थापत राहतेस. कुत्रा उंबऱ्याबाहेर पाय जुळवून बसलेला. भाकर निवल्याशिवाय तू त्याला देत नाहीस, तोंड पोळेल म्हणून.

तुझी धाकटी बहीण आता मस्तगडला आमच्याकडे असते. ठरल्या दिवशी मावशीही दवाखान्यात आली. "सकाळी काही दिलं न्हाई ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "दिली की," मावशी म्हणाली. "पहिली भाकर. दुधात कुस्करून." डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "आजी, भुलीत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तं जीव जाईल त्याचा." "अन् तुम्ही आलात का उपाशी?" डॉक्टर हसले आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. रिक्षात ती कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "ताई असती तं तिनंबी दिली असती."

काल संध्याकाळी त्याला मऊ भात दिला आणि ताटली कपाटावर ठेवली. आज सकाळी घरात तवा तापला नाही. तो ओट्यापाशी बसून राहिला, मी पेपर वाचत राहिलो. मावशीनं देवाकडे तोंड केलं आणि मला म्हणाली, "मी न्हाई पाहत त्याच्याकडं. तूच ने." मग चपला घालून आमच्याआधी रिक्षात जाऊन बसली.

दुपारी आत बोलावलं. एक दाढ काढावी लागली होती. तो चादरीवर पडलेला, जीभ बाहेर. मी हाक मारली. कानही हलला नाही. पुन्हा मारली. मावशी दारातूनच म्हणाली, "उठ रे बाबा, झालं आता." त्यानं डोळे उघडले. लटपटत उभा राहिला, माझ्या शेजारून गेला आणि तिच्या पदरात तोंड खुपसलं. उपाशी ठेवणारा मी होतो. त्याचं बराबर होतं. तो उठला याचा आनंद मला झाला, पण त्याच्याआधी तो माझ्याकडे आला नाही याचं वाईट वाटलं. मावशीला हे सांगितलेलं नाही.