नाटी पिल्लांचे पंख

अप्पा, आज सकाळी पिरियापट्टणहून एक जोडपं दुकानात आलं होतं. त्यांना नाटी, म्हणजे आपली गावठी, एका दिवसाची पिल्लं हवी होती, आणि सगळ्या माद्याच. मी म्हटलं, नाटीत एवढ्यात काही कळत नाही बाबा, दोन महिन्यांनी या, तुरे बघून निवडून देते. तर तो नवरा हसला. "काय अम्मा, तुमचे अप्पा तर पंख उघडून पापणी लवायच्या आत सांगायचे म्हणे!" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लष्कर मोहल्ल्यात अजून तुमच्या बोटांचं कौतुक चालतं, आणि माझ्या अंगाची लाहीलाही होते.

पंखाची ती खूण खोटी नव्हती. हॅचरीतून पिल्लं यायची, त्यांच्या पंखाच्या कडेची पिसं लांब-आखूड असली की मादी, एकसारखी असली की नर. पण ती खूण त्या जातीपुरती. तुम्ही ती नाटीलाही लावलीत. मी शाळा सुटलेली पोर, गच्चीवर नाटी पिल्लांच्या पायांना दोरे बांधून बघत बसले. तुम्ही मादी म्हणाल तिला लाल, नर म्हणाल त्याला निळा. मोठी झाली तर लाल दोरेवाले कितीतरी आरवायला लागले! धावत खाली येऊन सांगितलं, तर भर दुकानात म्हणालात, "मला कोंबड्या शिकवतेस होय गं? जा, चूल बघ." गिऱ्हाइकं हसली. तुम्हीही हसलात.

मग सरगूरची ती बाई. सासरच्यांनी वेगळी काढलेली, पदरात दोन लेकरं, अंडी विकून घर चालवीन म्हणत होती. आदल्या दिवशी वीस माद्या हव्यात म्हणून सांगून गेली. सकाळी तुम्ही पंख बघबघून वीस नाटी 'माद्या' टोपलीत भरल्यात आणि चहाला गेलात. टोपली तिच्या हातात मी दिली. चार महिन्यांनी तीच टोपली डोक्यावर घेऊन आली, आत निम्म्याहून जास्त कोंबडे. भांडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझ्या मुलीनं निवडली ती. पोर आहे, चुकली." ती माझ्याकडे बघत राहिली. "नंबिद्दे कणम्मा," एवढंच म्हणाली. विश्वास ठेवला होता गं तुझ्यावर. तुम्ही बदलून पिल्लं दिलीत, तीही नाटीच, तीही पंख बघूनच!

दुपारी जेवताना आईला म्हणालात, "पोरीला तूप वाढ जरा." झालं. तुपानं पुसलं जातं का हो असलं काही? पुढं एकदाही तो विषय निघाला नाही, आणि मी या गल्लीत किती दिवस चुकलेली पोर म्हणून वावरले.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकणार आहे मी? घडी करून खाद्याच्या डब्याखाली सारीन. एक मात्र तुम्हाला कधी कळलं नाही. ती टोपली देताना मला सगळं ठाऊक होतं, अप्पा. बाईला एका शब्दानं थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. म्हटलं, जाऊ दे, कोंबडे घेऊन परत येऊ दे, मग तरी तुम्हाला कळेल बरोबर कोण होतं ते.