फ्रिजमधली बाटली

सोमवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. दुपारी बाळासाठी दूध काढून बाटली कारखान्यातल्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवली, तर साहेबांनी ती सगळ्यांसमोर काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मॅडम, हे असलं इथं नको. ऑफिसातल्या पोरांना कसंतरी वाटतंय."

पोरांना, की साहेबांना?

मी म्हटलं, "तुमचा मटणाचा डबा आत तीन-तीन दिवस असतोय, तवा कुणाला कसंतरी वाटत न्हाय?"

"मग पावडरचं पाजा की."

"मला दूध येतंय, तर विकतचं कशाला?" म्हटलं आणि बाटली परत आत ठेवली. भ्याले होते का? भ्याले होते. शिरोलीत अशी नोकरी पुन्हा कुठं मिळणार? पण बाटली ठेवलीच.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. इतके दिवस त्याच म्हणायच्या, कशाला जिवाला त्रास, पावडर सुरू कर. आज बाळाला उद्या पाजायची ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये ठेवताना म्हणाल्या, "उद्या मी येते कारखान्यात. बघते कोण बाहेर काढतंय."

"नको आई," म्हटलं, "मी हाय की."