फर्स्ट कोण वाजवणार

वटार, रविवार, ता. ४ नोव्हेंबर २००१
संध्याकाळचे पावणेसात

ती. स्व. कॉन्रॅडदादास,
धाकटा भाऊ फर्डिनंड याचा सा. न. वि. वि.

आत्ताच दोन्ही क्लॅरिनेट पुसून ठेवल्या. तुझ्या क्लॅरिनेटला नवी रीड लावली, फुंकली मात्र नाही. आयचा गुडघा सोडला तर घरी सर्व ठीक.

बाजारपेठेतल्या दुकानदारांनी नाताळाआधीच्या रविवारी गाड्या बंद ठेवून रस्त्यावर संगीत महोत्सव ठरवला आहे. भजनी मंडळे, कोळी गाणी, बँड, सगळे येणार. मी आपल्या दोघांचे नाव दिले आहे. बाबांनी बसवलेली नवरीच्या पाठवणीची चाल वाजवू. जागा बेकरीच्या पायरीवर मागून घेतली, कारण तिथे सावली असते आणि उन्हाने तुझे डोके दुखते.

डिसेंबरात सुट्टी मिळेल असे तू लिहिले होतेस. तारीख नक्की कळव. लुसीमावशी चिडवते, की दोन वर्षांत दादा वाजवायचे विसरला असेल, तूच फर्स्ट वाजव. मला फर्स्ट येत नाही असे नाही. पण फर्स्ट म्हणजे चाल तुझी आणि तिच्या खालच्या साथीचे सेकंड माझे, हे बाबांनीच ठरवलेले आहे.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझा फर्डिनंड


मस्कत, २६ नोव्हेंबर २००१

चि. फर्डीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खोलीत सगळ्यांना दाखवलं. नववीत शाळा सोडलेल्याचं हे अक्षर, यावर कुणाचा विश्वास बसेना. एकानं विचारलं, भाऊ तलाठी आहे का.

आता लिहायचं ते लिहितो. कंपनीनं आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला आणि मी सही केली. आयला जेवण झाल्यावर सांग, आधी नको. इथं रात्रपाळीवाले दिवसा झोपलेले असतात, त्यामुळे क्लॅरिनेट आणली असती तरी वाजवणं बंदच. बोटं जड झाली आहेत. फर्स्ट तू वाजव. सेकंड गावच्या बँडातल्या दीपेशला शिकव, पोरगा बरा आहे. उगाच डोकं शिणवत बसू नकोस.

माझ्या वाटणीच्या करंज्या खा आणि माया कमी करू नकोस.
कॉन्रॅड


वटार, सोमवार, ता. २४ डिसेंबर २००१
दुपारचे तीन

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

आयला जेवणानंतर सांगितले. बरं म्हणाली आणि ताटे घासायला उठली. ताटे मी आधीच घासून ठेवली होती, तरी तिने ती पुन्हा घासली.

काल महोत्सव झाला. दीपेशला मी शिकवले नाही. मला वाटत होते, की फर्स्ट मी वाजवले तर तुझी जागा भरून जाईल, मग तू कशाला येशील? म्हणून पायरीवर नेहमीप्रमाणे डावीकडे उभा राहिलो आणि एकट्याने सेकंडच वाजवले. लोक थांबत, जरा कान देत आणि कोळी गाण्यांकडे निघून जात. समोर शेवंती विकणाऱ्या भागूबाईने विचारले, की मघापासून नुसती कुरकुर लावलीस, यात गानं कुठाय. मी खाली बघून वाजवत राहिलो.

आय मात्र बाकावर बसून बरोबर चालीवर मान हलवत होती. जी चाल कोणी वाजवतच नव्हते, ती तिला ऐकू येत होती. ते बघून माझा श्वास तुटला. मग ती गुडघा धरत पायरीपाशी आली आणि म्हणाली, की पुरे आता, कॉन्रॅडचं तू वाजव, त्याला काय तिथून ऐकू यायचं नाही.

मी वाजवले. बायका पहिल्याच ओळीला थांबल्या. भागूबाईची धाकटी मुलगी गेल्या मे महिन्यात सासरी गेली, भागूबाईने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा वाजवायला लावले. टाळ्या खूप पडल्या. आय सगळ्यांना सांगत होती, की हा माझा धाकटा.

दादा, चाल कुठेच अडली नाही. मला वाटले होते, तुझ्यावाचून एका तरी जागी अडेल.

उद्या नाताळ. आय बोलावते आहे, म्हणून थांबतो. सवडीने चार ओळी लिही आणि आम्हांला मनात ठेव.

तुझा फर्डिनंड