श्वास सोडल्यानंतरची फिल्म

प्रिय सम्मेद,

छातीच्या सीटी स्कॅनची फिल्म कुणाच्या तरी घरी तू उजेडात धरून पाहिली असशील, आणि एक गोष्ट तुला नक्की खटकली असेल. हृदय भलत्याच बाजूला दिसतं. आपलं हृदय डावीकडे. फिल्मवर मात्र ते पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला. छापताना फिल्म उलटी झाली असावी, असं मलाही क्षणभर वाटलं. पण तसं काही नसतं. उताण्या झोपलेल्या माणसाकडे त्याच्या पायथ्याशी उभं राहून पाहावं, तसं ते चित्र मांडलेलं असतं. म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. आजाऱ्याला भेटायला आलेलं माणूस कॉटच्या पायथ्याशी उभं राहतं ना, अगदी तिथूनच! हे कोडं सुटलं तेव्हा मला वर्गात असल्यासारखा आनंद झाला. निवृत्त झाले तरी पदार्थविज्ञान शिकवण्याची खोड काही गेलेली नाही.

फिल्म माझीच आहे. घाबरू नकोस, क्रमानं सांगते. गच्चीचा जिना चढताना गेल्या वर्षापासून दम लागू लागला, खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टर तेजस्वी यांनी स्कॅन सांगितला. अहवालात उजव्या फुप्फुसात एक पांढरा ठिपका असल्याचं लिहिलं होतं. अव्वा कळंब्याच्या घरात खिडकीशी फिल्म धरून बसली आणि म्हणाली, “ह्यातलं काळं चांगलं का पांढरं गं? आभाळ भरून आल्यागत दिसतंय सगळं.” आपल्या आईचा प्रश्न मात्र अचूक होता. क्ष-किरण जिथं अडतात तिथं पांढरं उमटतं, म्हणून बरगड्या पांढऱ्या. जिथून ते सहज पार होतात तिथं काळं, म्हणून हवेनं भरलेली फुप्फुसं काळी. पांढरा ठिपका म्हणजे कधीतरी होऊन बऱ्या झालेल्या जखमेचा वण निघाला, त्यात चुना साचून तो घट्ट झाला होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. त्यांचं बोट थांबलं ते काळ्या भागावर.

माझ्या दोन फिल्म काढल्या होत्या, एक श्वास भरून घेऊन आणि दुसरी श्वास पूर्ण सोडून. निरोगी फुप्फुसातून हवा बाहेर पडली की ते आक्रसतं आणि दुसऱ्या फिल्मवर करडं दिसू लागतं. माझ्या फुप्फुसाचे काही भाग दुसऱ्या फिल्मवरही तसेच काळेभोर राहिले. आत गेलेली हवा तिथं अडकून बसते. श्वासनलिकांच्या भिंती सुजून जाड झाल्यात, वाट अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी विचारलं, “मॅडम, सिगारेट किती वर्षं?” मला हसू आलं, पण अव्वा उसळली. “बाई, जैनाचं घर हाय आमचं! दिवस बुडाला की घास घेत न्हाय आमी, आन् माझी लेक सिगारेट वढंल व्हय?” डॉक्टरांनी हात जोडले. “चुकलं आजी. मग धूर कुठला? चूल? भट्टी?” उत्तर मी दिलं. गुऱ्हाळ.

मुरगूडच्या वाटेवरचं आपलं गुऱ्हाळ तुला आठवत असणारच. काहिलीत रस उकळायचा, अप्पा दांडा घेऊन उभे, आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी आपण दोघं उसाची चिपाडं जाळात सारत बसलेलो. ओली चिपाडं आली की धूर असा कोंडायचा की मी तुला दिसायची नाही. तू ओरडायचास, “अक्का, हाईस का गेलीस?” पुढं मी शिकायला कोल्हापूरच्या वसतिगृहात आले आणि चुलवाण तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलं. माझ्या छातीत ही दोन बाजूंची काळी ठिगळं उमटली ती थोड्याच हंगामांची. तुझं काय झालं असेल, याचा विचार डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या आला.

तुझा खोकला, गुऱ्हाळावरच्या ज्ञानू गड्याचं चुलवाणाशी विसरलेलं बिडीचं बंडल आणि सदऱ्याला येणारा धुराचा वास, एवढ्यावर अप्पांनी निकाल दिला. अव्वाच्या तोंडून ते सारं मी पुष्कळदा ऐकलं आहे. “दिवस बुडायच्या आत जेवणाऱ्या घरात बिडी फुकतूस?” “न्हाय अप्पा, बस्तीत येतो, देवाम्होरं शपत घेतो.” “मग ह्यो खोकला काय आभाळातनं पडला?” आणि तुला देवळाची, आपल्या बस्तीची, पायरीसुद्धा चढू दिली नाही. वास तर अप्पांच्या सदऱ्यालाही येत होता, अव्वाच्या लुगड्यालाही. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बिडीनं बाटलेलं पोर म्हणून तू घर सोडलंस, आणि अप्पा गेले तेव्हाही आला नाहीस.

आता नीट वाच. माझी फिल्म तुझ्याबद्दल काही सिद्ध करत नाही. फिल्मवर धुराचं नाव लिहिलेलं नसतं, असं डॉक्टरांनीही बजावलं. पण तसल्या खोकल्याला बिडीची गरज नव्हती, एवढं ती स्वच्छ सांगते. अप्पा असताना ती हाती असती तर मी ती त्यांच्यापुढं धरली असती. ती वेळ निघून गेली, आणि याला आता कोणताही उपाय नाही. परतताना रिक्षात अव्वा एवढंच म्हणाली, “त्येनं खरंच वढली नव्हती की गं.” त्या दिवसापासून ती तुझं ताट वाढून ठेवते, आणि दिवस बुडायच्या आत स्वतःच झाकून उचलते.

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे लिहिते आहे. माझी जुनी विद्यार्थिनी संयोगिता राधानगरीच्या शाळेत आहे. तिनं सांगितलं की तू अजून तिथल्या गुऱ्हाळात चुलवाणापुढं बसतोस, आणि एक वाक्य बोललास की दम घ्यायला थांबतोस. सम्मेद, ऊठ तिथून. क्षमा मागण्याचा हक्क अव्वाचा आहे, तो तिला मिळू दे. माझं मागणं एवढंच, की तुझी फिल्म निघेल तेव्हा पायथ्याशी मला उभं राहू दे. तोवर एक साधी परीक्षा घे. चिपाडाच्या ढिगापासून लांब जा, वारा नसेल अशा जागी उभा राहा. काडी पेटव आणि तोंडापासून वीतभर अंतरावर धर. छाती भरून श्वास घे, तोंड आ करून उघडं ठेव, आणि ओठ गोल न करता फुंकर मार. काडी विझली तरी ये, कारण खरी तपासणी इथंच होईल. नाही विझली, तर हवा तुझ्याही आत अडकते आहे असं समज आणि त्याच दिवशी ये.

तुझीच,
अक्का (रोहिणी)