अंदाजे म्हणजे पन्नास ग्रॅम

गेर्लिंगेन,
१७ सप्टेंबर २००६

ती. स्व. अरुंधतीमावशींना जावई पद्माकरचा (बूट काढून, वाकून) नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? फोनवर तुम्ही "ठीक आहे" म्हणता, पण तसे तुम्ही जिन्यावरून पडलात त्या दिवशीही म्हणाला होतात. इकडे आम्ही तिघे मजेत आहोत. अन्वी मराठीत विचारले की जर्मनमध्ये उत्तर देते, तुमचे बेसनाचे लाडू मात्र मराठीत मागते. फोन सोडून हे पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण एवढेच की आमच्याकडे फोन नेहमी वसुधा उचलते.

तर कळवण्यास आनंद होतो की मी घरी बीअर करायला लागलो आहे. दचकू नका (आणि एवढा परिच्छेद काकांना वाचून दाखवू नका). इथे तो एक घरगुती उद्योग समजतात, आणि मी सगळे कायद्याने करतो. आधी कस्टमच्या ऑफिसला कळवावे लागते. मी शेगडीच्या आकृतीसह तीन पानी पत्र पाठवले. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले, ते मी फाईलला लावले आहे. कृती म्हणाल तर तुमच्या इडलीच्या पिठाची धाकटी बहीण. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची, तासभर गरम पाण्यात ठेवायची, गाळायची, हॉप नावाची कडू फुले घालून उकळायची, निवली की यीस्ट घालून आंबवायची. पातेले वसुधाचे वापरतो (परवानगी नंतर मिळाली).

पण चार लोक करतात तसेच मीही करायचे, तर अकरा वर्षे प्रोग्रामिंग करून काय फायदा? म्हणून मी बीअरच्या कृती सांभाळणारे एक सॉफ्टवेअर लिहिले. नाव 'पाकसिद्धी'. वीस लिटर म्हणा, तीस म्हणा, ते प्रत्येक जिनसाचे वजन काढून देते. ते इतके छान झाले की नुसत्या बीअरवर वाया घालवणे मनाला पटेना, म्हणून आमच्या कै. सासूबाईंची, म्हणजे तुमच्या ताईंची, पाककृतींची वहीही त्यात उतरवायला घेतली. चौतीस कृती. आता गेलेल्या माणसाला नावे ठेवू नयेत, पण त्या वहीत धड प्रमाण कुठेही नाही. हिंग अंदाजे. मीठ अंदाजे. गूळ 'ह्यांना चालेल इतका'. माझ्या प्रोग्रामला रिकामा रकाना चालत नाही, तेव्हा मी ठरवून टाकले की अंदाजे म्हणजे पन्नास ग्रॅम. (कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो.) शिवाय पानापानावर 'गॅसवाल्याला फोन करणे', 'नंदिनीची वाटी परत देणे' असले बरेच काही होते. त्याला रकाना नव्हता, ते गाळले. पहिली आमटी करताना वसुधाने यादीत पन्नास ग्रॅम हिंग वाचले, कॉम्प्युटर बंद केला आणि मला पोळ्या लाटायला बसवले.

आमच्या खालच्या मजल्यावर हेर (म्हणजे श्रीयुत) शॉयफेले राहतात. वय सत्तर, बीअर करण्यात तीस वर्षे गेलेली. बाटली बंद करताना फेसासाठी थोडी साखर घालतात, ती किती, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "आख, नाख गेफ्यूल!" म्हणजे अंदाजे. मी तसे प्रोग्राममध्ये भरले. प्रोग्रामने बाटलीमागे पन्नास ग्रॅम सांगितली. मला जरा जास्त वाटली, पण प्रोग्राम मीच लिहिलेला, अविश्वास कुणावर दाखवणार? चाळीस बाटल्या भरून तळघरात ठेवल्या. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी (इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायलाही मनाई), अकरा बाटल्या एकापाठोपाठ एक फुटल्या. सगळी बिल्डिंग जिन्यात आली. जिना आणि तळघर झाडायची इथे घरोघर आठवड्याची पाळी असते, तो आठवडा आमचा होता. हेर शॉयफेलेंनी माझ्या हातात झाडू दिला.

पण मी डगमगणारा नव्हे. दुसऱ्या खेपेला साखर काट्यावर मोजली, बाटलीमागे तीन ग्रॅम. परवा हेर शॉयफेलेंनी ग्लास संपवला आणि पुन्हा पुढे केला. इकडच्या माणसाने नावे ठेवली नाहीत की कौतुक झाले असे धरून चालायचे. एकूण सगळे माझ्या हातात आहे, काळजी नसावी. काकांना नमस्कार. गुडघा शेकत राहा.

आपला,
पद्माकर

ता. क. एक किरकोळ काम होते. गोड्या मसाल्याची कृती पाठवाल का? प्रोग्राममध्ये सतराव्या क्रमांकावर नाव दिसते, खाली सगळे कोरे. बीअरची कृती साठवताना माझ्याच हातून पुसली गेली असणार. वही बघावी, तर सगळे उतरवून झाल्यावर ती मी रद्दी कागदाच्या पिंपात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी येऊन गेली. वसुधाला अजून माहीत नाही. मसाल्याचा डबा तळाला आला आहे. दर दिवाळीला ती वही उघडते आणि आधी नुसता वास घेते. मावशी, मी फार मोठा गाढवपणा केला आहे. कृपा करून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.

ता. ता. क. ग्रॅममध्ये नसले तरी चालेल. अंदाजे लिहा.

मावशी, मी वसुधा. घरात डिंक नव्हता म्हणून पद्माकरने हे पाकीट उघडंच माझ्याकडे दिलं, पोस्टात चिकटवून टाक म्हणून. (त्याचा माझ्यावर फार विश्वास आहे.) आईची वही माझ्या साड्यांच्या कपाटात आहे. त्याच संध्याकाळी मी ती पिंपातून काढली, आणि तो स्वतःहून कधी सांगतो याची वाट बघत बसले. प्रोग्रामने या वेळी काही पुसलेलं नाही गं. सतराव्या पानावर आईने 'गोडा मसाला' लिहून खाली एवढंच लिहिलंय: 'अरूला विचारणे.' दोन वर्षं मी ते पान उघडते, तुला फोन करायला जाते, आणि रडू येईल म्हणून आठवेल तसा मसाला करते. आता तूच लिहून पाठव. ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव, फक्त दिवाळीच्या अगदी तोंडावर पोचेल अशी.